संधिज्वरजन्य हृद्‌रोग

मालागोलाणू या सूक्ष्मजंतूंमुळे होणाऱ्या घशाच्या शोथानंतर (दाहयुक्त सुजेनंतर) काही मुलांमध्ये संधिज्वर उद्‌भवतो आणि त्याच्या एका वा अनेक झटक्यांमुळे हृदयाच्या झडपांना कायमची विकृती येते. या विकृतीस व तिच्यामुळे हृदयाच्या कार्यात निर्माण होणाऱ्या दोषांस ‘संधिज्वरजन्य हृद्‌रोग’ असे म्हणतात. जन्मतः नसलेल्या, म्हणजे उपार्जित हृदयविकारांपैकी लहान मुले व तरुण यांच्यात जगभर सर्वांत जास्त आढळणारा हा विकार आहे. जागतिक आरोग्य संघटनेच्या अंदाजानुसार जगात सु. ५·५ कोटी लोकांना तो जडलेला असून दरवर्षी सु. ३ लक्ष ६० हजार व्यक्ती त्यामुळे मृत्यू पावतात. यांतील बहुसंख्य रुग्ण अल्प व मध्यम उत्पन्नाच्या देशांतील आहेत.

हृद्‌रोग म्हटला म्हणजे सामान्यतः उतारवयातील व्यक्तीला हृदयाच्या स्वतःच्या रोहिण्या अरुंद झाल्याने येणारा झटका डोळ्यांसमोर येतो. येथे वर्णन केलेल्या रोगाची सुरुवात मात्र शाळकरी वयात होते आणि तीही हृदयात नव्हे, तर घशात. सुरुवात व गंभीर परिणाम यांमध्ये पुष्कळदा दहा ते वीस वर्षांचा काळ लोटतो. रुग्ण धाप लागते म्हणून हृद्‌रोगतज्ञाकडे येतो, तेव्हा रोग टाळता येण्याजोगा काळ बव्हंशी निघून गेलेला असतो. म्हणूनच या रोगात हृदयाची काळजी घेण्याचे निम्म्याहून अधिक काम रुग्णालयाबाहेर, घरात, शाळेत व गावच्या दवाखान्यात व्हावे लागते.

‘संधिज्वर’ हे नाव काहीसे फसवे आहे. उतारवयात गुडघे धरणे किंवा बोलीभाषेत ज्याला आमवात म्हणतात ते सांधेदुखीचे विकार यांच्याशी त्याचा संबंध नाही. संधिज्वरात सांधे सुजतात व असह्य दुखतात हे खरे. परंतु ही सूज काही दिवसांत वा आठवड्यांत उतरते आणि सांध्यात कसलेही व्यंग मागे राहत नाही. एकोणिसाव्या शतकातील फ्रेंच वैद्य लासेग यांच्या नावावर सांगितल्या जाणाऱ्या एका उक्तीचा आशय असा की, हा रोग सांध्यांना नुसता चाटून जातो, पण हृदयाचा चावा घेतो. सांधा बरा झाला म्हणजे रोग गेला असे समजून घरची माणसे निर्धास्त होतात. हृदयातील प्रक्रिया मात्र त्या वेळीही चालूच असते.

इतिहास : टॉमस सिडनम या इंग्रज वैद्यांनी १६८६ मध्ये मुलांच्या हातापायांत होणाऱ्या अनैच्छिक हालचालींच्या रोगाचे वर्णन केले. तो संधिज्वराचाच एक आविष्कार आहे, हे पुष्कळ नंतर लक्षात आले. अठराव्या शतकाच्या अखेरीस लंडनमधील डेव्हिड पिटकेर्न यांनी संधिज्वर होऊन गेलेल्यांत हृद्‌रोग अधिक आढळतो असे निदर्शनास आणले व १८१२ मध्ये विल्यम चार्ल्स वेल्स यांनी अशा रुग्णांची माहिती प्रसिद्ध केली. रने लेनेक यांनी १८१६ मध्ये स्टेथॉस्कोपचा शोध लावल्यावर जिवंत रुग्णाच्या झडपांतील दोष कानांनी ओळखणे शक्य झाले. त्याचा उपयोग करून झां बातीस्त बूयो यांनी १८३६ मध्ये असे प्रतिपादन केले की, तीव्र संधिज्वरात हृदयाचा शोथ असणे हा अपवाद नसून नियम आहे. १८८९ मध्ये वॉल्टर चीडल यांनी सांधे, हृदय, त्वचा व मेंदू यांतील लक्षणे एकाच रोगाची असून मुलांमध्ये ती निरनिराळ्या वेळी व निरनिराळ्या क्रमाने प्रकट होतात, हे स्पष्ट केले. लूटव्हिख आशॉफ या जर्मन विकृतिवैज्ञानिकांनी १९०४ मध्ये हृद्‌स्नायूत आढळणाऱ्या, या रोगाच्या निदर्शक अशा सूक्ष्म गाठींचे वर्णन केले. रोगाचा मालागोलाणूंशी असलेला संबंध १९३१ मध्ये न्यूयॉर्कमध्ये आल्व्हिन कोबर्न व लंडनमध्ये कॉलिस यांनी स्वतंत्रपणे दाखविला. याच सुमारास रिबेका लान्सफील्ड यांनी या सूक्ष्मजंतूंचे गट पाडल्यामुळे ‘गट अ’ मधील मालागोलाणू रोगकारक आहेत, हे निश्चित करता आले.

कारणे व विकृती : मालागोलाणू स्वतः हृदयात शिरत नाहीत. घशातील जंतूंचा प्रतिकार करण्यासाठी शरीर जी प्रतिपिंडे व ज्या प्रतिकारक्षम कोशिका तयार करते, त्यांनाच शरीराच्या काही ऊतकांची (समान रचना व कार्य असलेल्या कोशिकांच्या समूहांची) ओळख पटविण्यात चूक होते. या जंतूंच्या पृष्ठभागावरील एम प्रथिनाचे हृदयातील काही प्रथिनांशी साम्य आहे. त्यामुळे जंतूंवर सोडलेले शस्त्र झडपांवर येऊन पडते. घसा बरा झाल्यावर सु. दोन ते तीन आठवड्यांनी ज्वर येतो, याचे कारण हेच होय. या मधल्या काळात मूल पूर्णपणे निरोगी दिसते आणि दोन दुखण्यांचा परस्परसंबंध आईवडिलांच्या लक्षात येत नाही.

घसा आलेल्या प्रत्येक मुलाला संधिज्वर होत नाही. बहुतेक घसादुखी विषाणूंमुळे होते व आपोआप बरी होते. मालागोलाणूंची साथ असताना उपचार न केलेल्यांपैकी सु. ३ टक्के व्यक्तींना हा ज्वर होतो, एरवी हे प्रमाण त्याहून बरेच कमी असते. काही व्यक्तींत आनुवंशिक प्रवणता असावी असे दिसते. रोग मुख्यत्वे ५ ते १५ या वयोगटात होतो. तीन वर्षांखालील मुलांत तो विरळाच. एकदा झटका आलेल्या मुलाला पुन्हा मालागोलाणूंचा संसर्ग झाल्यास दुसरा झटका येण्याचा संभव खूपच वाढतो आणि प्रत्येक झटक्यागणिक झडपांची हानी वाढत जाते.

हे जंतू खोकला, शिंक व निकटचा सहवास यांद्वारे पसरतात. एका खोलीत पाच-सात माणसे, एकाच अंथरुणात तीन भावंडे, हवा येण्यास एकच खिडकी, अशी परिस्थिती त्यांना पोषक ठरते. या दृष्टीने हा वैद्यकाइतकाच घरबांधणीचाही रोग आहे. यूरोप व उत्तर अमेरिका या खंडांत एकोणिसाव्या शतकाच्या उत्तरार्धापासून तो ओसरू लागला, तेव्हा पेनिसिलीन अस्तित्वातही नव्हते. मोकळी घरे, बरे अन्न व लहान कुटुंबे यांनी ते काम केले होते. पेनिसिलिनाने त्या उताराला गती दिली. आफ्रिका, दक्षिण आशिया व पॅसिफिक बेटे येथे रोग टिकून राहिला. न्यूझीलंड व ऑस्ट्रेलिया या संपन्न देशांतही माओरी व आदिवासी जमातींत त्याचे प्रमाण इतर नागरिकांच्या अनेक पट आहे.

भारतातील रोगाचे स्वरूप पाश्चात्त्य ग्रंथांतील वर्णनाहून वेगळे असल्याचे दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्थेतील सुजॉय रॉय व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६३ मध्ये दाखवून दिले. यूरोपात झडप अरुंद होण्यास वीस-पंचवीस वर्षे लागत व रुग्ण तिशी-चाळिशीत येई. भारतात मात्र विशीच्या आतील मुलांत, क्वचित दहा-बारा वर्षांच्या मुलांतही, झडप अत्यंत अरुंद झालेली आढळे. संसर्गाचे वारंवार होणारे आघात व पहिल्या झटक्यानंतर प्रतिबंधक उपचारांचा अभाव ही याची संभाव्य कारणे मानली जातात.

हृदयाच्या चार झडपांपैकी डावे अलिंद व डावे निलय यांमधील द्विदल झडप सर्वांत जास्त ग्रासली जाते. त्याखालोखाल महारोहिणीची झडप व काही वेळा त्रिदल झडप. फुप्फुस रोहिणीची झडप क्वचितच बिघडते [⟶ हृदय]. सुरुवातीस झडपेच्या कडांवर बारीक मोहरीसारख्या पुटकुळ्या उठतात. शोथ शमल्यावर व्रणऊतक तयार होते. झडपेची दले जाड होतात, त्यांच्या कडा एकमेकींना चिकटतात आणि त्यांना खालून धरून ठेवणाऱ्या नाजूक दोऱ्या आखडतात. दले नीट मिटेनाशी झाली, तर रक्त मागे वाहते. यास प्रत्यावहन म्हणतात. ती नीट उघडेनाशी झाली, तर मार्ग अरुंद होतो. यास संकोच म्हणतात. पुष्कळ रुग्णांत दोन्ही दोष एकत्र असतात. निरोगी प्रौढ व्यक्तीत द्विदल झडपेच्या मुखाचे क्षेत्रफळ ४ ते ६ चौ. सेंमी. असते. ते १·५ चौ. सेंमी. किंवा त्याहून कमी झाले म्हणजे संकोच तीव्र समजतात. अशा वेळी रक्त डाव्या अलिंदात तुंबते, मागे फुप्फुसांतील वाहिन्यांचा दाब वाढतो आणि रुग्णाला धाप लागू लागते.

लक्षणे व निदान : ज्वराबरोबर गुडघा, घोटा, कोपर, मनगट असे मोठे सांधे एकामागून एक धरतात, एक उतरला की दुसरा सुजतो. हृद्‌शोथ सौम्य असल्यास कोणतेही लक्षण नसते. तीव्र असल्यास धाप, छातीत धडधड व पायांवर सूज ही लक्षणे दिसतात. काही मुलांत, विशेषतः मुलींत, कित्येक महिन्यांनंतर अनैच्छिक हालचाली सुरू होतात. हातातील कप सांडणे, अक्षर बिघडणे, चेहरा वेडावाकडा होणे, विनाकारण रडू येणे यांबद्दल अशा मुलीला शाळेत शिक्षा झाल्याची उदाहरणे वैद्यांना अपरिचित नाहीत. अंगावर उठणारी वलयाकार पुरळे व त्वचेखालील वेदनारहित गाठी ही लक्षणे कमी रुग्णांत आढळतात.

या रोगाचे निश्चित निदान करणारी एकही चाचणी नाही. म्हणून टी. डकेट जोन्स या अमेरिकन वैद्यांनी १९४४ मध्ये प्रमुख व दुय्यम लक्षणांच्या जुळणीवर आधारलेले निकष सुचविले. त्यांत वेळोवेळी सुधारणा झाल्या. २०१५ च्या सुधारणेत दोन महत्त्वाचे बदल आहेत. एक म्हणजे स्टेथॉस्कोपने ऐकू न येणारा, पण श्राव्यातीत ध्वनिप्रतिमेत दिसणारा झडपदोष हृद्‌शोथाचे लक्षण म्हणून मान्य झाला. दुसरे म्हणजे जेथे रोग सर्रास आढळतो अशा प्रदेशांसाठी निकष सैल करण्यात आले. तेथे एकच सांधा सुजणे किंवा सूज नसताना अनेक सांधे दुखणे यांसही प्रमुख लक्षणाचे स्थान मिळाले. ‘वाढीच्या वयात पाय दुखायचेच’ असे म्हणून सोडून दिली जाणारी मुले त्यामुळे तपासणीच्या कक्षेत आली.

कायमचा झडपदोष ओळखण्याचे पहिले साधन अजूनही कानच आहे. द्विदल झडपेच्या संकोचात हृदयाचा पहिला ध्वनी ठसठशीत होतो, झडप उघडताना टिचकीसारखा आवाज येतो आणि पाठोपाठ खर्जातील घरघर ऐकू येते. रुग्ण डाव्या कुशीवर वळल्यावर ती अधिक स्पष्ट होते. हृद्‌विद्युत् आलेख व छातीचे क्ष-किरण चित्र यांची मदत होते. परंतु निर्णायक माहिती श्राव्यातीत ध्वनिप्रतिमेने मिळते. रुग्ण जिला ‘टू-डी एको’ म्हणतात, त्या वेदनारहित तपासणीत झडपेची दले किती जाड व किती हलती आहेत, मुखाचे क्षेत्रफळ किती आहे, रक्त किती मागे जाते, अलिंदात गुठळी आहे किंवा काय, हे सर्व दिसते. पूर्वी यासाठी हृदयात नळी घालावी लागे.

उपचार : ज्वराच्या तीव्र अवस्थेत विश्रांती, घशातील जंतूंच्या नाशासाठी पेनिसिलीन, सांध्यांसाठी ॲस्पिरीन आणि हृद्‌शोथ तीव्र असल्यास स्टेरॉइड औषधे देतात. ॲस्पिरिनाने सांधे आश्चर्यकारक वेगाने बरे होतात. या औषधांनी झडपांची पुढील हानी टळते असे मात्र सिद्ध झालेले नाही.

झडप कायमची बिघडल्यानंतर हृद्‌रोगतज्ञाचे काम दीर्घ मुदतीचे असते. मूत्रल औषधांनी फुप्फुसांतील पाणी कमी करणे व नाडीचा वेग आटोक्यात ठेवणे, हा त्याचा दैनंदिन भाग होय. संकोचात नाडी जलद झाली की अलिंद रिकामे होण्यास वेळ मिळत नाही व रुग्ण एकाएकी अत्यवस्थ होतो. ताणलेल्या अलिंदाचे आकुंचन पुढे अनियमित होते. त्यास अलिंदी विकंपन म्हणतात. अशा संथ अलिंदात रक्ताच्या गुठळ्या होतात व एखादी सुटून मेंदूत गेल्यास तरुण वयात अर्धांगवायू होतो. कित्येक रुग्णांत हृद्‌रोगाची पहिली जाणीवच अशी होते. याकरिता रक्त साखळू न देणारे वॉरफॅरीन हे औषध देतात. त्याहून नवी व वापरण्यास सोपी औषधे इतर प्रकारच्या विकंपनात उपयुक्त ठरली. परंतु २०२२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या आंतरराष्ट्रीय चाचणीत संधिज्वरजन्य हृद्‌रोगाच्या रुग्णांत जुन्या पद्धतीच्याच औषधांचा परिणाम रिव्हरोक्झाबान या नव्या औषधापेक्षा चांगला आढळला. वॉरफॅरीन घेणाऱ्यास रक्ताची नियमित तपासणी करावी लागते. मेथी, पालक यांसारख्या भाज्यांतील के जीवनसत्त्वामुळे औषधाचा प्रभाव कमी होतो. त्या सोडण्याचे कारण नाही. मात्र त्यांचे आहारातील प्रमाण सतत बदलू नये. वेदनाशामक गोळ्या परस्पर घेणे धोक्याचे असते.

दातांची निगा ही गोष्ट रुग्णांना अप्रस्तुत वाटते. परंतु किडलेल्या दातांतून व हिरड्यांतून रक्तात शिरलेले जंतू खडबडीत झडपेवर घर करतात आणि जंतुजन्य अंतर्हृद्‌शोथ हा प्राणघातक विकार उद्‌भवतो.

स्त्रियांच्या बाबतीत गर्भारपण ही परीक्षेची वेळ असते. या काळात रक्ताचे आकारमान सु. ४० ते ५० टक्क्यांनी वाढते. अरुंद झडपेतून हे वाढीव रक्त वाहू शकत नाही. तोवर निरोगी समजल्या गेलेल्या तरुणीला पाचव्या-सहाव्या महिन्यात धाप लागते, रात्री उठून बसावे लागते. गर्भारपणात थोडी धाप लागतेच, या समजुतीने निदान लांबते. प्रसूतीनंतरचे पहिले काही दिवसही धोक्याचे असतात. झडपदोष आधी माहीत असल्यास विवाह वा मातृत्व टाळण्याचे सरसकट कारण नसते. झडपेची दुरुस्ती गर्भधारणेपूर्वी करून घेता येते. वॉरफॅरीन गर्भाला अपायकारक ठरू शकत असल्याने ते घेणाऱ्या स्त्रीने गर्भधारणेचा विचार करण्यापूर्वीच तज्ञाचा सल्ला घ्यावा लागतो. एकट्या मुलीच्या आजाराची वाच्यता तिच्या लग्नात अडथळा येईल म्हणून घरचे टाळतात व औषध बंद होते. वैद्यकाच्या आवाक्याबाहेरच्या या कारणाने अनेक स्त्रिया प्रसूतिगृहात प्रथमच हृद्‌रोगी म्हणून ओळखल्या जातात.

शस्त्रक्रिया : अरुंद झालेली द्विदल झडप हत्याराने मोकळी करावी ही कल्पना सर लॉडर ब्रंटन यांनी १९०२ मध्ये मांडली, तेव्हा तिच्यावर टीकाच झाली. झडप ही गौण असून खरा बिघाड हृद्‌स्नायूत असतो, असे मत त्या वेळी प्रबळ होते. बॉस्टन येथे इलियट कटलर यांनी १९२३ मध्ये एका बारा वर्षांच्या मुलीवर शस्त्रक्रिया केली व ती मुलगी वाचली. परंतु कटलर यांच्या पुढील रुग्णांना यश लाभले नाही. १९२५ मध्ये लंडन येथे हेन्री सूटर यांनी धडधडणाऱ्या हृदयाच्या डाव्या अलिंदाच्या उपांगातून आपले बोट आत घातले आणि झडप बोटाने चाचपून मोकळी केली. रुग्ण तरुणी सुधारली व काही वर्षे जगली. सूटर यांच्याकडे मात्र असा दुसरा रुग्ण कोणाही वैद्याने पाठविला नाही. शस्त्रक्रिया शक्य असल्याचे सिद्ध झाल्यानंतरही ती सु. तेवीस वर्षे थांबली, ती हत्यारांच्या अभावी नव्हे, तर मान्यतेच्या अभावी.

दुसऱ्या महायुद्धानंतर हा कोंडा फुटला. फिलाडेल्फियातील चार्ल्स बेली यांचे आधीचे सर्व रुग्ण दगावले होते व सहकारी त्यांना यापासून परावृत्त करू पाहत होते. १० जून १९४८ रोजी त्यांनी सकाळी एका रुग्णालयात व दुपारी दुसऱ्या रुग्णालयात शस्त्रक्रिया ठरविली. सकाळचा रुग्ण दगावला. ती वार्ता पसरून बंदी येण्यापूर्वी त्यांनी दुपारची शस्त्रक्रिया केली आणि ती रुग्ण वाचली. त्यानंतर अवघ्या सहा दिवसांनी बॉस्टनमध्ये ड्वाइट हार्कन यांनी व त्याच वर्षी लंडनमध्ये रसेल ब्रॉक यांनी असेच यश मिळविले. एकाच वर्षात तीन शहरांत उघडलेली ही वाट भारतात १९५० नंतरच्या दशकात वेल्लोर येथील ख्रिश्चन मेडिकल कॉलेज व मुंबईचे के. ई. एम. रुग्णालय येथे पोहोचली. छाती उघडून, पण हृदय-फुप्फुस यंत्र न वापरता केली जाणारी ही शस्त्रक्रिया खर्चाच्या दृष्टीने भारताला सोयीची होती व पुढील तीन दशके ती मोठ्या प्रमाणावर झाली.

१९८२ मध्ये कांजी इनोऊए या जपानी शल्यचिकित्सकांनी छाती न उघडता झडप मोकळी करण्याची पद्धती शोधून काढली. जांघेतील नीलेतून एक सुषिरी (लवचिक नळी) उजव्या अलिंदात व तेथून दोन अलिंदांमधील पडद्याला सूक्ष्म छिद्र पाडून डाव्या अलिंदात नेतात. तिच्या टोकाचा फुगा झडपेच्या मुखात बसवून फुगवितात; त्यासरशी चिकटलेल्या कडा सुटतात. दले लवचिक असतील, अलिंदात गुठळी नसेल व प्रत्यावहन फारसे नसेल, तर ही पद्धती उत्तम ठरते. रुग्ण दोन-तीन दिवसांत घरी जातो. गर्भवती स्त्रीतही, जरूर पडल्यास, ती करता येते. सूटर यांचे बोट व इनोऊए यांचा फुगा यांचे तत्त्व एकच आहे.

झडप फार बिघडली असेल किंवा प्रत्यावहन मोठे असेल, तर ती दुरुस्त करतात अथवा कृत्रिम झडप बसवितात. १९६० मध्ये अमेरिकेत ऑरेगन राज्यातील पोर्टलंड येथे आल्बर्ट स्टार यांनी लोएल एडवर्ड्‌स या अभियंत्याने बनविलेली झडप द्विदल झडपेच्या जागी यशस्वी रीतीने बसविली. एडवर्ड्‌स यांना तरुणपणी संधिज्वर झाला होता, हे येथे नमूद करण्याजोगे आहे. परदेशी झडपांची किंमत भारतीय रुग्णांच्या आवाक्याबाहेर असल्याने तिरुवनंतपुरम येथील श्री चित्रा तिरुनाल संस्थेत एम. एस. वलियाथन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय झडप तयार करण्यात आली. पहिल्या नमुन्यांना अपयश आल्यावर चकती अतिउच्च रेणुभाराच्या पॉलिएथिलिनाची व चौकट क्रोम-कोबाल्ट मिश्रधातूची करण्यात आली. ही झडप ६ डिसेंबर १९९० रोजी प्रथम बसविण्यात आली व त्यानंतर हजारो रुग्णांत वापरली गेली.

यांत्रिक झडप टिकाऊ असते. मात्र वॉरफॅरीन जन्मभर घ्यावे लागते. प्राण्यांच्या ऊतकांपासून केलेल्या झडपेस ते बहुधा लागत नाही, पण तरुण रुग्णांत ती लवकर झिजते व पुन्हा शस्त्रक्रिया करावी लागते. शिरूर वा शहाद्याच्या एखाद्या खेड्यात राहणाऱ्या विशीतल्या मजुराला यांतील कोणती झडप योग्य, याचा निर्णय झडपेच्या गुणधर्मांइतकाच रक्ततपासणीची सोय त्याच्यापासून किती अंतरावर आहे यावर अवलंबून असतो. शस्त्रक्रियेचा खर्च अनेक राज्यांत शासकीय विमा योजनांतून भागविला जातो. महाराष्ट्रात महात्मा जोतीराव फुले जन आरोग्य योजनेत झडपेच्या शस्त्रक्रियांचा समावेश आहे. पुढील वीस-तीस वर्षांच्या औषधांचा व प्रवासाचा भार मात्र बव्हंशी कुटुंबावर पडतो.

प्रतिबंध : या रोगाचा प्रतिबंध दोन टप्प्यांवर करता येतो. पहिला म्हणजे मालागोलाणूजन्य घसादुखीवर वेळीच पेनिसिलीन देणे. अमेरिकेच्या वायोमिंग राज्यातील फोर्ट वॉरन या हवाई तळावर नव्याने भरती झालेल्या तरुणांत घसादुखीच्या साथी येत. तेथे फ्लॉइड डेनी, लुइस वानामेकर, चार्ल्स रॅमलकॅम्प व त्यांचे सहकारी यांनी केलेला अभ्यास १९५० मध्ये प्रसिद्ध झाला. पेनिसिलीन दिलेल्या सु. ८०० जणांपैकी २ व न दिलेल्या जवळजवळ तितक्याच जणांपैकी १७ व्यक्तींना संधिज्वर झाला. घसा दुखू लागल्यापासून ९ दिवसांच्या आत औषध सुरू झाले, तरी ज्वर टळतो. मात्र गोळ्यांचा क्रम दहा दिवस पुरा करावा लागतो. दुसऱ्या दिवशी बरे वाटले म्हणून औषध थांबविणे ही सर्वत्र आढळणारी चूक होय.

दुसरा टप्पा, एकदा संधिज्वर झालेल्या व्यक्तीस पुन्हा संसर्ग होऊ न देण्याचा. याकरिता बेंझाथीन पेनिसिलीन स्नायूत टोचतात. ते स्नायूतून अतिशय सावकाश शोषले जाते व तीन ते चार आठवडे रक्तात अल्प प्रमाणात राहते. मात्रा मोठ्या मुलांत व प्रौढांत १२ लक्ष एकक व कमी वजनाच्या मुलांत ६ लक्ष एकक असते. भारतात दर २१ दिवसांनी टोचण्याची शिफारस केली जाते. हृदयास इजा झाली नसल्यास ५ वर्षे किंवा २१ वर्षे वयापर्यंत, यांपैकी जे नंतर येईल तोवर. कायमचा झडपदोष असल्यास किमान १० वर्षे किंवा वयाच्या चाळिशीपर्यंत व काहींना जन्मभर ते घ्यावे लागते. झडप बदलल्यानंतरही ते थांबवीत नाहीत.

हे औषध जुने, स्वस्त व गुणकारी आहे. तरीही ते नियमितपणे टोचले जात नाही, याची कारणे साधी आहेत. इंजेक्शन अतिशय दुखते. दर तीन आठवड्यांनी मुलाची शाळा व एका पालकाची मजुरी बुडते. मूल खेळते-बागडते असताना सुई कशासाठी, हे घरच्यांना पटत नाही. अल्प नफ्याचे औषध असल्याने त्याचा तुटवडा पडतो. शिवाय पेनिसिलिनाची तीव्र ॲलर्जी ही विरळ असली, तरी तिच्या भीतीने अनेक खाजगी डॉक्टर ते टोचण्यास नाखूष असतात. ज्यांना ॲलर्जी आहे त्यांना एरिथ्रोमायसीन देतात. झडपदोष अतितीव्र असून प्रकृती ढासळलेली असल्यास इंजेक्शनाऐवजी पेनिसिलिनाच्या गोळ्या द्याव्यात, असे अमेरिकन हार्ट असोसिएशनने २०२२ मध्ये सुचविले. कारण अशा रुग्णांतील काही मृत्यू ॲलर्जीने नव्हे, तर दुर्बल हृदयावर पडलेल्या ताणाने झाले असावेत.

यावरचा उपाय नोंदवहीचा आहे. प्रत्येक रुग्णाचे नाव, टोचण्याची तारीख व न आल्यास घरी जाऊन चौकशी, एवढीच ही व्यवस्था असते. क्यूबातील पिनार देल रिओ प्रांतात १९८६ ते १९९६ या काळात लोकशिक्षण, नोंदणी व नियमित पेनिसिलीन यांच्या योगे रोगाचे प्रमाण पुष्कळच घटले. भारतात २०१३ मध्ये सुरू झालेल्या राष्ट्रीय बालस्वास्थ्य कार्यक्रमात शाळांतून तपासावयाच्या विकारांत या रोगाचा अंतर्भाव आहे. २०१८ मध्ये जागतिक आरोग्य सभेने या रोगाच्या निर्मूलनासंबंधी ठराव संमत केला.

शाळेतील तपासणी कानाने करावी की यंत्राने, हा अलीकडचा वादाचा विषय आहे. हरियाणातील बल्लभगढ परिसरात ६,२७० शाळकरी मुलांची पाहणी करण्यात आली. तिचे निष्कर्ष २०११ मध्ये प्रसिद्ध झाले. स्टेथॉस्कोपने हजारी ०·८, तर श्राव्यातीत ध्वनिप्रतिमेने हजारी २०·४ मुलांत झडपदोष आढळला. म्हणजे कानाला कळलेल्या प्रत्येक रुग्णामागे सु. पंचवीस मुले सुप्त दोष घेऊन वावरत होती. अशा मुलांना इंजेक्शने द्यावीत की नाहीत, याचे उत्तर युगांडातील चाचणीने दिले. सुप्त दोष असलेल्या ८१८ मुलांपैकी निम्म्यांना दोन वर्षे दर चार आठवड्यांनी बेंझाथीन पेनिसिलीन टोचण्यात आले. त्यांच्यापैकी ०·८ टक्के मुलांत दोष वाढला. औषध न दिलेल्यांत हे प्रमाण ८·२ टक्के होते. मालागोलाणूंवरील लस अद्याप उपलब्ध नाही. एम प्रथिनाचे दोनशेहून अधिक प्रकार असून ते प्रदेशपरत्वे बदलतात, ही त्यातील मुख्य अडचण होय. शिवाय लसच हृदयातील ऊतकांविरुद्ध प्रतिक्रिया उत्पन्न करणार नाही, याची खात्री करून घ्यावी लागते.